निधीच्या खुंटीवरचा जुना पट्टा

मी, श्रीरंग गुरुनाथ बिडकर, राहणार नोव्हाय, मिशिगन, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेला टूलिंग इंजिनिअर, पूर्ण शुद्धीवर आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. राग असला म्हणजे डोकं ठिकाणावर नसतं असं नाही. वकीलबाईंना विचारून घेतलं आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. याआधीच्या मृत्युपत्रात मी माझा मित्र यतीन वऱ्हाडपांडे याला व्यवस्थापक नेमलं होतं. ते मृत्युपत्र आजपासून रद्द.

१. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि पेन्शन माझी पत्नी पद्मिनी हिला मिळावं. व्यवस्थापकही तीच. तिला कोणी हिशेब विचारू नये. मी कधी विचारला नाही, हिंमतच झाली नाही.

२. मेव्हणी शैलजा हिला गराजमधला मोठा फ्रीझर, आतल्या हरणाच्या मटणासकट. मंडळाच्या गणपतीत, आरती झाल्या झाल्या, "आमचे भावोजी मुके प्राणी मारतात हो," असं तिने चारचौघांत जाहीर केलं होतं. त्याच महिन्यात आमच्याकडे जेवायला आली आणि खिमा दोनदा मागून घेतला. तो बोकडाचा नव्हता.

३. आता उत्तरेकडची केबिन, भोवतालचं जंगल आणि शिकारीचं सगळं सामान. हे कलम नीट वाचावं.

पुण्यात कारखान्याच्या टूलरूममध्ये शिकाऊ होतो तेव्हापासूनची माझी शिस्त आहे. प्रत्येक हत्याराची जागा भिंतीवर रंगवलेली. हत्यार न्यायचं तर आपल्या नंबराचा पितळी बिल्ला त्या खुंटीवर अडकवून न्यायचं. वस्तू परत आली की बिल्ला परत. हरवली तर बिल्ला तिथेच लटकत राहणार, सगळ्यांना दिसेल असा. केबिनमध्ये मी तशीच भिंत केली. सुरी, दुर्बीण, होकायंत्र, दोर, डोक्यावरचा दिवा, सगळ्याला खुंटी. जंगलात एक वस्तू कमी पडली की माणूस जातो, म्हणून केली. हौस म्हणून नाही.

यतीन नागपूरचा. सोन्यासारखा माणूस आणि महा वेंधळा. माझी दुर्बीण त्याने ओढ्यात घालवली. होकायंत्र कुठल्याशा ओंडक्यावर ठेवून आला. विचारलं की एकच उत्तर, "असेल ना बे इथंच कुठंतरी!" अरे, इथंच म्हणजे कुठं? मैलोन्‌मैल जंगल आहे ते, तुझ्या घरचा दिवाणखाना नाही. त्याचे बिल्ले भिंतभर झाले. येणारे-जाणारे हसायचे. मीही हसायचो, हसण्यासारखंच होतं.

४. गेल्या नोव्हेंबरात काय झालं ते लिहितो. झाडावरच्या मचाणावर बसताना अंगात पट्टा घालून तो बुंध्याला बांधतात, पाय घसरला तर माणूस लटकतो, पडत नाही. माझी मुलगी निधी हिचा पट्टा यतीनने आदल्या दिवशी नेला आणि हरवला. बिल्ला अडकवला नाही. मला सांगितलं नाही, तिलाही नाही. स्वतःच्या गाडीत वर्षानुवर्षं पडलेला, ओल लागून शिवण कुजलेला जुना पट्टा काढला आणि निधीच्या खुंटीवर गपचूप टांगून ठेवला. पहाटे निधीने खुंटी भरलेली पाहिली आणि तो घालून गेली. फळीवर दंव होतं. पाय घसरला, शिवण उसवली, पोरगी खाली आली.

तिच्या मांडीत आज सळी आहे. चालताना लंगडते. पॅरामेडिक आहे ती, दुसऱ्यांना उचलणं हे तिचं काम, आणि आता तिला खुर्चीवर बसून फोन घ्यायला लावतात. वस्तू हरवणाऱ्यावर मी आयुष्यभर ओरडलो, पण हरवलेलं झाकणाऱ्याला माफी नाही. नाही म्हणजे नाही.

मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणून हेही लिहितो. मदत येईपर्यंत यतीन अंगातलं जॅकेट तिच्यावर घालून नुसत्या शर्टावर बर्फात बसून होता. तिचं डोकं त्याने हलू दिलं नाही. मग काय, आरती ओवाळू?

५. ~~केबिन निधीला मिळावी, परंतु यतीन वऱ्हाडपांडे याने तिथे एकदा जरी पाऊल ठेवलं तर ती तात्काळ विकावी.~~

वरचं कलम मी काल लिहिलं होतं. निधीने ते वाचलं. म्हणाली, "बाबा, मग मला नको. दुसऱ्या कुणाला दे. मी या सीझनला यतीनकाकाबरोबर जाणार आहे. त्याच मचाणावर." मी म्हटलं, तुझं डोकं फिरलंय. ती म्हणाली, "काका त्या भिंतीला घाबरतात. सगळे हसतात म्हणून त्यांनी लपवलं. यू डिड दॅट, बाबा." आणि काठी टेकत जिना उतरून गेली. मला हे मान्य नाही. हसल्याने कोणाची शिवण उसवत नाही. पण ती माझीच पोर आहे, जाणार म्हणजे जाणार, आणि मी तेव्हा छातीला टाके घेऊन अंथरुणात असेन, किंवा नसेनच.

६. म्हणून केबिन, जंगल, बंदुका आणि सामान निधीला, विनाअट. अट काढली आहे, राग काढलेला नाही.

७. यतीन वऱ्हाडपांडे याला मी काहीही देत नाही. त्याला एक काम सांगतो. दर नोव्हेंबरात, निधी झाडावर चढण्याआधी, तिचा पट्टा आधी त्याने स्वतःच्या अंगात घालावा, त्याच बुंध्याला बांधावा, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर दोन्ही पाय सोडून सगळ्या वजनानिशी लटकावं. पट्टा तुटला तर त्याने पडावं. निधीने तोवर खाली उभं राहावं.

वकीलबाई म्हणतात, ही नुसती इच्छा ठरते. कोणी पाळली नाही तर कोर्ट काही करू शकत नाही. कोर्टाची गरज नाही. यतीनला मी तीस वर्षं ओळखतो. तो लटकेल.

सही: श्रीरंग गुरुनाथ बिडकर

वरील मजकूर श्रीरंग बिडकर यांनी आम्हा दोघांसमोर स्वतः वाचून दाखवला, मध्ये दोनदा आवाज चढवला, शेवटी पाणी मागितलं आणि मग सही केली. आम्हाला या मालमत्तेतून काहीही मिळायचं नाही.

साक्षीदार: कांचन रसाळ (शेजारीण)
साक्षीदार: कबीर मुजावर (जुने सहकारी)

नोव्हाय, मिशिगन
२१ ऑक्टोबर २०२५