हिरवा दिवा

दादा,

'प्रिय' लिहायला आज हात धजत नाही.

अपघाताच्या रिपोर्टात सुपरवायझर म्हणून तू लिहिलंस, "कामगार भावनेच्या भरात होती." कामगार म्हणजे मी, तुझी सख्खी बहीण. बारा वर्षं त्याच कागद कापायच्या मशीनवर काढली मी. त्या दिवशी तळपायाला मशीनची वेगळीच थरथर लागली आणि पोटात गोळा आला. मशीन बंद करा म्हटलं, तर सगळ्यांसमोर हसलास. "हिरवा दिवा लागलाय ना? म्हणजे मशीन ठीक आहे. डोकं वापर. पोटाचंच ऐकायचं तर खानावळ काढ!" मला लाज वाटली. मी कागद सरकवायला हात आत घातला आणि पातं खाली आलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

समोर येऊन बोलले तर रडू फुटेल, आणि तू म्हणशील, "बघ, पुन्हा भावनेच्या भरात." म्हणून लिहितेय; पण वाचूनही तू तेच म्हणशील, तेव्हा हे पत्र खणातच राहणार.

पण एक सांग. माझी किंकाळी ऐकून तू हातातला चहा टाकून धावलास आणि सरळ मेन स्विच खाली खेचलास. दिवा तेव्हाही हिरवाच होता. त्याच्याकडे बघितलंस तरी का? तू कुठल्या भरात होतास, ते रिपोर्टात का नाही लिहिलंस?

धाकटी
(डाव्या हाताने)