न शेकलेली हलगी

मंगळवार, संध्याकाळ

हलगी, संबळ, सनई. माझ्या जुन्या कीबोर्डातले हे तिन्ही आवाज मी स्वतः भरले, कुणाकडं न शिकता. लगीनसराईसाठी कीबोर्डात बसवायची जादा आवाजांची कार्डं घ्यावीत का, हे बघायला आज वाद्यं विकणाऱ्या सलीमभाईला बोलावलं.

"मास्तर, बसवून तर बघा की, लई भारी हाय!"

त्यानं आणलेल्या दोन कार्डांतलं एक बसवलं. ही म्हणे हलगी! ओल्या पोत्यावर काठी आपटल्यासारखी. कातडं ताणायला हलगी आधी जाळावर शेकतात, हेसुद्धा कार्ड बनवणाऱ्या या विद्वानांना ठाऊक नसावं? मंगळवेढ्यात आवाज भरताना मी ती दोनदा शेकायला लावली होती. शेकलीच नाही यांनी!

मग कीबोर्डातली माझी हलगी वाजवली. सलीमभाईनं ती पुन्हा एकदा वाजवायला लावली. म्हणाला, "दोनी कार्डं फुकट ठेवा, वर पंधरा हजार देतो. तुमच्या हलगीचा आवाज तेवढा द्या, कार्डासोबत विकतो."

त्या ओल्या पोत्याशेजारी माझी हलगी? पंधरा हजारांना नाही म्हणालो.