विम्यावर आईचं नाव

२ जून
आज सतरा पूर्ण. मोटरसायकल घ्यायची, ठरलं. समुद्रकाठच्या बार्मथ गावच्या कार्निव्हलला बसने जायचा कंटाळा येतो, असं कॉलेजातली मारेड परवा सहज बोलून गेली. मी तिला शब्द देऊन टाकला: यंदा माझ्या मागे बसून जायचं. कार्निव्हल दहा ऑगस्टला. भरपूर वेळ आहे.

९ जून
इंजिन, ब्रेक वगैरे सगळेच बघतात. मी मागची सीट बघतो. चिंचोळ्या सीटच्या सगळ्या गाड्या नापास केल्या. शेवटी शेतकरी मिस्टर प्रीसच्या मेंढ्यांच्या शेडमध्ये एक जुनी निळी १२५ सीसी सापडली. सीट ऐसपैस. आई म्हणत होती, आधी विमा किती पडतो ते बघ, मग पैसे दे. आई नर्स आहे, तिला सगळीकडे दुखणंच दिसतं. पैसे देऊन आलो.

१० जून
विमा गाडीपेक्षा महाग. वेबसाइट बिघडली असावी.

११ जून
बिघडलेली नाही. बाकीच्याही याच कटात सामील आहेत. कामाच्या रकान्यात 'कॅफेत भांडी घासतो' काढून 'खाद्यसेवा अधिकारी' टाकलं. आणखी महाग. मग 'निवृत्त' टाकून बघितलं, तर आई मागेच उभी. खोटं लिहिलंस तर अपघात झाल्यावर छदामही मिळणार नाही, म्हणाली. मी गंमत करत होतो.

१५ जून
तोडगा निघाला! जोडीला एखाद्या अनुभवी चालकाचं नाव लावलं की विमा स्वस्त होतो. आणि आईकडे मोटरसायकलचं पक्कं लायसन्स आहे, माझ्या जन्माआधीपासूनचं. कधी बोलली कशी नाहीस, विचारलं, तर म्हणे तू कधी विचारलंस? तिची अट एकच.

"नाव लावलंस तर मी चालवणार, इवान. नुसतं नावापुरतं नाव लावणं म्हणजे लबाडी."

हो म्हटलं. बावन्न वर्षांची बाई. दोन दिवसांत कंबर धरून बसेल.

२९ जून
सक्तीचं एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. आता रस्त्यावर कायदेशीर! किरकोळ अडचण: गाडीवर शिकाऊचा L असेतोवर मागे कुणाला बसवता येत नाही. घरी येऊन सांगितलं तर आईला वाटत होतं, मला हे माहीत आहे. असो. कार्निव्हलच्या आधी टेस्ट पास व्हायचं. हातचा मळ.

२३ जुलै
आज लेखी परीक्षा; ही पास झाल्याशिवाय गाडीची टेस्ट देता येत नाही. उत्तरं बरोबर आली. मग रस्त्याचे व्हिडिओ दाखवतात, धोका दिसला की क्लिक करायचं. मी एकही धोका सोडला नाही. झाड, मेंढी, पोस्टाची पेटी, क्लिक, क्लिक. तर कॉम्प्युटर म्हणतो, हा उगाच क्लिक करत सुटलाय, शून्य. सावध माणसाची या देशात ही किंमत. पुढची तारीख सप्टेंबरात.

४ ऑगस्ट
मारेडला अजून सांगितलेलं नाही. योग्य क्षणाची वाट बघतोय. आईने माळ्यावरून जुनं चामड्याचं जॅकेट काढलं. होतंय अजून. गाडी घेऊन डोंगरापलीकडे चक्कर मारून आली, चेहरा लालबुंद. कंबर ठीक आहे म्हणाली.

९ ऑगस्ट
मारेड घरी आली तेव्हा सांगूनच टाकलं. वर योजनाही सुचवली: तिने बसमध्ये खिडकीशी बसायचं, मी शेजारून गाडी चालवेन. आई चहा करत होती. तिथूनच तिने मारेडला हेल्मेटचा साइज विचारला.

१० ऑगस्ट
बस तशी बरी असते. उन्हाचा त्रास नाही, चिप्स खाता येतात. आईने निघताना L काढून माझ्या हातात दिला होता, तो मांडीवर. चढावर दोघी आम्हाला मागे टाकून गेल्या. मारेडने आईला घट्ट धरलं होतं आणि ती मोठ्याने हसत होती. माझ्याबरोबर ती इतकी कधी हसलेली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

बार्मथला उतरलो तर मारेड धक्क्यावर माझीच वाट बघत उभी. धावत आली. जीव भांड्यात पडला. म्हणाली, "इवान, पुढच्या शनिवारी तुझी आई मोकळी आहे का?"

विचारून सांगतो म्हटलं.