नऊ नंबर येईपर्यंत चहा बंद

६ जुलै, रविवार. सकाळी ७.१०
आषाढी एकादशी. सरोजने चातुर्मासासाठी वांगी सोडली. दरवर्षी सोडते. या वर्षी मीही सोडणार असं जाहीर केलं. चहा. आमच्या फुटबॉल क्लबने, मुसी रोव्हर्सने, नवा नऊ नंबर, म्हणजे स्ट्रायकर, घेईपर्यंत चहाचा थेंब नाही.
सरोज म्हणाली, नेम कार्तिकीपर्यंत असतो, नऊ नंबरपर्यंत नसतो. आणि तो आलाच नाही तर? म्हटलं, येतो दहा दिवसांत. स्ट्रायकर कसा हवा ते मी काल क्लबला ईमेलवर कळवलंय. चार मिनिटांत उत्तर आलं, आपल्या सूचना आमच्यासाठी मोलाच्या आहेत. चार मिनिटांत! मॅनेजमेंट जागी आहे.
मागच्या सीझनला बारा टीममध्ये बारावे होतो. पण शेवटच्या पाच मॅचपैकी दोन ड्रॉ. ज्याला ट्रेंड वाचता येतो त्याला पुढचं सांगायला नको.

दुपारी १२
पुण्याला कौस्तुभला फोन. एकोणीस मिनिटं, सगळी टीमवर. आम्ही बापलेक जेवलास का, झोपलास का असलं बोलत नाही. आठ वर्षांचा होता तेव्हापासून माझ्याबरोबर स्टेडियमला. ईस्ट स्टँड, सीट चौदा आणि पंधरा. आता सॉफ्टवेअर कंपनीत दुसरं वर्ष. पहिल्या मॅचला येणार हे मी धरून चाललोय.
आज त्याने चांगला प्रश्न विचारला. रिलीज केलेले प्लेयर पुढे काय करतात? म्हटलं, काय करायचं ते करोत, टीमने ओझं वाहू नये, दयामाया नको. तो हं म्हणाला. पटलं असावं.

९ जुलै, बुधवार
डोकं ठणकतंय. ऑफिसातल्या मशीनच्या चहाचा नीट विचार केला. त्यात पूड पडते, वरून गरम पाणी पडतं. त्याला चहा म्हणणं हा चहाचा अपमान आहे. नेमातून वगळला. दोन कप घेतले.

१३ जुलै, रविवार
रिटेन-रिलीज लिस्ट तयार, कोण ठेवायचा, कोण सोडायचा. तीन रविवार खर्ची घातले. फॅन ग्रुपवर टाकली. सत्तावन्न मेंबर. रिलीजच्या कॉलममध्ये पहिलं नाव लेफ्ट-बॅक शिवराज. अंबरपेठचा, तेवीस वर्षांचा. घरचा पोरगा म्हणून किती दिवस पोसायचा? शेरा लिहिला: बेंचवर बसायच्याही लायकीचा नाही. एकतीस अंगठे आले.
हिम्मतरावांनी फाटे फोडलेच. मलकपेठला राहतात, पीडब्ल्यूडीतून रिटायर, मॅचला छत्री आणि डबा घेऊन येणारा माणूस. त्यांनी लिहिलं, त्या पोट्ट्याचा घोटा सुजलेला होता हो, तसाच अकरा मॅच खेळला, थोडा दम तर धरा. मी लिहिलं, फुटबॉल ही धर्मशाळा नाही. सात जण हसले.
कौस्तुभने वाचलंय, निळी खूण दिसते. अंगठा दिला नाही. कामात असेल.

२० जुलै, रविवार
फोन सहा मिनिटं. कौस्तुभ शिवराजवरच अडला. म्हणे, त्याला आधी बोलावून सांगतील, की लिस्टमध्येच नाव बघायला मिळेल? म्हटलं, प्रोफेशनल माणसाला त्याने काय फरक पडतो. मग आईला दे म्हणाला. दोघं चाळीस मिनिटं बोलत होते, सरोजने दार लोटून घेतलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. कांदा चिरत असावी. चातुर्मासात आमच्याकडे कांदा नसतो, हे नंतर लक्षात आलं.
विचारलं नाही. लिस्टमध्ये गोलकीपरची जागा अजून नक्की व्हायची आहे.

२ ऑगस्ट, शनिवार. दुपारी ४
आला!!
साडूंना सोडायला नामपल्ली स्टेशनवर गेलो होतो. प्लॅटफॉर्मवर सव्वासहा फूट उंच परदेशी माणूस, खांद्याला लांब बॅग. चेहरा सरळसरळ फिनिशरचा. मी पुढे होऊन बॅग घेतली, वेलकम टू मुसी म्हटलं. तो थँक्यू म्हणाला. कमी बोलतो, चांगली खूण आहे. टॅक्सीपर्यंत बॅग वाहिली. जड होती, बुटांचे बरेच जोड असणार. फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, कन्फर्म्ड.
नेम पूर्ण. समोरच्या इराण्याकडे दोन चहा, लागोपाठ. डोळ्यांत पाणी आलं.

३ ऑगस्ट, रविवार
तो इंजिनिअर आहे. कुठल्याशा कारखान्यात मशीन बसवायला आलाय. ज्या लॉजवर उतरला तिथे हिम्मतरावांचा भाचा काउंटरवर बसतो, योगायोग म्हणायचा. बॅगेत नट-बोल्टचे पाने होते.
कालचे दोन चहा शुद्ध हेतूने घेतले, ते धरायचे नाहीत. नेम आजपासून पुन्हा लागू. ग्रुप एकोणपन्नासवर. कमकुवत लोक गळतायत, ठीकच आहे.
कौस्तुभने हसरा चेहरा पाठवला. तीन आठवड्यांत पहिला. म्हणजे प्रकरण अगदीच वाया गेलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
बादली फुटली म्हणून अंबरपेठला गेलो. प्लास्टिकच्या दुकानात आकडीच्या काठीने बादल्या काढून देत होता कोण? शिवराज! क्लबने सोडला. म्हणजे माझी लिस्ट वर पोचतेय तर. छाती फुगली.
त्याने मला ओळखलं. ईस्ट स्टँडवाले अंकल म्हणून स्टूल पुसून दिलं. गल्ल्यावर त्याचे वडील. त्यांनी चहा मागवला. नेम आहे म्हटलं. कशाचा नेम, विचारलं. स्ट्रायकरचा, असं त्या दुकानात बसून सांगवेना. देवाचा म्हटलं. मी हळूच विचारलं, आता पोराचं काय? तर ते हसून म्हणाले, पोट्टा घर आ गया साब, घर भर गया.
बापच असा विचार करत असेल तर पोरगं पुढे कसं जाणार. बादलीबरोबर एक मगही घेतला. घरात आधीच तीन मग आहेत.

२४ ऑगस्ट, रविवार
कौस्तुभला दुकानाचा किस्सा रंगवून सांगितला.  त्याने विचारलं, वडील काय म्हणाले? सांगितलं. पुन्हा सांगा म्हणाला. पुन्हा सांगितलं. मग रेंज गेली असावी.
सरोज म्हणाली, त्याला एकदा विचारा तरी, कसा आहेस म्हणून. म्हटलं, दर रविवारी अर्धा तास बोलतो की. ती म्हणाली, अर्धा तास कधीच राहिला नाही, आणि तेवढ्यातही सगळा बॉलच असतो. बायकांना फुटबॉलची गोडी नसते.

१४ सप्टेंबर, रविवार
क्लबला चौथा ईमेल. चार मिनिटांत उत्तर, शब्द तेच. रविवारीही कामावर! हिम्मतराव म्हणतात, ते मशीनचं उत्तर असतं. जळतात.
फोनवर कौस्तुभला विचारलं, लेफ्ट-बॅक बाहेरून घ्यावा का? म्हणाला, तुम्हीच ठरवा बाबा. मी ठरवलं. बाहेरूनच.
नेम सुरळीत. मशीनचे चार कप रोज.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
कौस्तुभ आला नाही. काम आहे म्हणे. सोनं द्यायला शेजारचेच आले.
संध्याकाळी क्लबचं पत्रक. या सीझनला मुसी रोव्हर्स उतरणार नाही. कारणं दिलीत, इंग्रजीत, पाच ओळी. मी ग्रुपवर लिहिलं, हा स्ट्रॅटेजिक ब्रेक आहे, दोन वर्षांनी दुप्पट ताकदीने येऊ, घाबरू नका. कुणीच घाबरलं नव्हतं. बाराजण उरलेत, त्यातले तिघे म्हणजे बंद पडलेले नंबर.
लिस्ट मात्र तयार आहे. कधीही उपयोगी पडेल.

७ ऑक्टोबर, मंगळवार
ऑफिसातून आलो तेव्हा सरोज पुढच्या खोलीत बसली होती. म्हणाली, आता माझ्याच्याने लपवत नाही. कौस्तुभला कंपनीने जुलैतच काढलंय. एका दुपारी ईमेल आला, त्यात अठ्ठावीस नावं होती. तीन महिने इंटरव्ह्यू देतोय. तिला तेव्हाच सांगितलं, वर बजावलं, बाबांना नको कळू देऊ. ते म्हणतील, बेंचवर बसायच्याही लायकीचा नाही.
वाक्य माझंच आहे. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

८ ऑक्टोबर
ऑफिसला गेलो. मशीनचाही घेतला नाही.

९ ऑक्टोबर
काही नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
फोन करायचा होता. सकाळी आठपासून तयारी. कसा आहेस, आईने सगळं सांगितलं, काळजी करू नको, एवढं म्हणायचं. कागदावर लिहून ठेवलं.
अकराला लावला. त्याने लगेच उचलला. मी म्हटलं, दुसऱ्या टीमांची तयारी जोरात दिसते. तो म्हणाला, हो. मग म्हणाला, बाकी? म्हटलं, बाकी काही नाही.
दोन मिनिटं. कागद खिशातच.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन
दिवाळीला आला नाही. इंटरव्ह्यू आहे म्हणे. दिवाळीत कोण इंटरव्ह्यू घेतं, हे मी विचारलं नाही, सरोजनेही नाही. तिने चकल्या नेहमीएवढ्याच केल्या. डबा भरलेलाच आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार
ग्रुपमधली ती लिस्ट डिलीट करायला बसलो. इतकी जुनी पोस्ट सगळ्यांसाठी डिलीट होत नाही. माझ्याकडून गेली, बाकीच्यांच्या फोनमध्ये आहे. कौस्तुभच्याही.
ग्रुपमध्ये आता मी आणि हिम्मतराव. त्यांनी लिहिलं, आता भांडायचं कुणाशी, चला नामपल्लीला चहा मारू. मी लिहिलं, नेम आहे. त्यांनी लिहिलं, अजून? मी लिहिलं, हौ. त्यांनी लिहिलं, नक्को परेशान होऊ, कार्तिकीनंतर जाऊ.
बरा माणूस आहे. शिवराजबद्दल त्यांचं बरोबर होतं. अकरा मॅच सुजलेल्या घोट्याने. मी सगळ्या बघितल्या होत्या. लंगडताना दिसत होता.

२ नोव्हेंबर, रविवार. पहाटे ५.४०
कार्तिकी. पुण्यातली खोली सोडून कौस्तुभ आज घरी येतोय. आईला कळवलं. तिने त्याला सांगितलंय, की बाबांना माहीत आहे. बाबा काय म्हणाले, हे त्याने विचारलं. काही म्हणाले नाहीत, असं तिने सांगितलं. खरं तेच सांगितलं.
सरोज म्हणते, नऊ नंबर येवो न येवो, नेम आज सुटतो. पण सोडलेली वस्तू आधी दुसऱ्याला द्यायची असते, मग आपण घ्यायची.
प्लॅन पक्का. स्टेशनवर जायचं. बॅग घ्यायची. त्याला इराण्याकडे न्यायचं, पहिला कप त्याला. आणि एकच वाक्य म्हणायचं. पोरगा घरी आला, घर भरलं. मराठीत जरा नाटकी वाटतं. अंबरपेठच्या भाषेतच म्हणावं. सातच शब्द आहेत, चुकायचं कारण नाही.

सकाळी ११
अर्धा तास आधीच पोचलो. बाकावर बसून वाक्य चार वेळा म्हटलं. शेजारच्या बाई उठून दुसरीकडे बसल्या.
गाडी वेळेवर आली. कौस्तुभ उतरला. तीन बॅगा. वाळलाय. दाढी वाढलीय. मला बघून थांबला. मी मोठी बॅग घेतली आणि म्हटलं, पुण्यात फुटबॉल कसा आहे?
तो म्हणाला, माहीत नाही बाबा.
इराण्याकडे बसलो. पहिला कप त्याच्याकडे सरकवला. त्याने विचारलं, तुमचा? म्हटलं, तू आधी. त्याने घेतला. मग मी घेतला. एकशे एकोणीस दिवसांनी. मधले स्टेशनवरचे दोन धरायचे नाहीत, असं मागे ठरवलं होतं. आज धरले. मशीनचेही धरले. मग नेम असा उरतच नाही.
चहाला काही चव लागली नाही. पुरा प्यालो.
समोर माणसं जात होती, आम्ही ती बघत होतो. त्याने बिस्कीट बुडवलं, ते तुटून कपात पडलं. लहानपणीही पडायचं. मी माझं बिस्कीट त्याच्या बशीत ठेवलं. त्याने ते खाल्लं.

सायंकाळी ६.३०
तो आतल्या खोलीत झोपलाय. सरोजने तिचा उपास असूनही त्याच्यासाठी भरीत केलं, त्याने दोन घास खाल्ले म्हणते. बॅगा दारातच आहेत, कुणी उघडल्या नाहीत.
वाक्य राहिलं. उद्या म्हणेन. उद्या सोमवार, ऑफिस आहे, तेव्हा संध्याकाळी. तशी घाई नाही. आता तो इथेच आहे.