पुढची जागा

भाईंदर पूर्व,
जानेवारी १९९४

नीरजदादा,

हे पत्र मी मस्कतला पाठवणार नाही. तुला काही कळवायचं नाही, अशी आईने शपथ घातलीय. दिवाळीत बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. आता काठी घेऊन, डावा पाय ओढत चालतात.

तरी रविवारी आई, बाबा आणि मी मिठागराच्या बांधावर जातोच. अजून त्याला धावायला जाणंच म्हणतो. नियमही तोच, जो सगळ्यात हळू तो पुढे. तुझ्या पायाचं प्लास्टर निघालं तेव्हा तू पुढे लंगडायचास, आम्ही मागून रेंगाळायचो आणि तू किती वैतागायचास! माझा गुडघा सुजला तेव्हा मी पुढे होते.

आज मी म्हटलं, "बाबा, आता तुम्ही पुढे व्हा ना."

ते जागचे हलेनात. जीभ जड झालीय, तरी माझ्यावरच डाफरले, "सगळ्यात मागे नीरज राहिलाय. पुढची जागा त्याची."

मग ती जागा सोडून आम्ही तिघं मागून चाललो. तुला ओलांडू नये म्हणून अगदी हळू.

तुझ्या मागेच आहे,
रसिका