कोटाचं कापड अजून पाण्यातच

प्रिय रिळ्या,

पोटभर आशीर्वाद. फोनवर मी ‘जेवलास का, झोपतोस का’ यापलीकडे जात नाही हे तुला ठाऊक आहे. नीट बोलायला मला समोर माणूस लागतो, नाहीतर हातात काहीतरी शिवण. म्हणून आज खिडकीशी बसून लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं असेल, चालवून घे. मी शाळेत नाही, बेतायच्या रद्दीवर वाचायला शिकले. तुझे बाबा मापाचे कागद कापायचे आणि मी त्यावरच्या बातम्या जुळवत बसायचे. कित्येक बातम्यांचा शेवट मला अजून माहीत नाही. तो कुणाच्या तरी बाहीच्या आकारात कापला गेला.

गल्ली आहे तिथेच आहे. माणसं मात्र सगळी व्यायामाला निघाल्यासारखी दिसतात. बँकेतल्या साहेबांच्या पँटची घडी कशी बोट कापेल अशी असायची, आठवतं? ते आता घोट्याशी चुण्या पडलेल्या मऊ पँटीत कामाला जातात. शाळेच्या बाई धावायचे बूट घालून वर्गात उभ्या राहतात. समोरचे लठ्ठ वकील पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्टची वाट बघतात, पण अंगात कपडे शर्यतीचे. मी नावं ठेवत नाही हो. माप घेताना ही माणसं पोट आत ओढून कशी उभी राहायची ते मी जन्मभर पाहिलं आहे. आता सगळ्यांनी एकदाच श्वास सोडला, इतकंच. पण त्या सुटलेल्या श्वासाबरोबर आपलं गिऱ्हाईकही उडून गेलं. शेजारचा इस्त्रीवाला म्हणतो, वहिनी, असल्या कपड्यांना सुरकुती पडत नाही, सुरकुत्या सगळ्या आपल्याच वाट्याला आल्या. असं म्हणतो आणि थंड इस्त्रीवर हात ठेवून बसतो.

दुकानात आता येते ती पायाशी लांब पडणारी पँट, नाहीतर सैल पडलेलं इलास्टिक. गल्लीचे टेलरमास्तर, म्हणजे तुझे बाबा, असल्या कामाला हात लावत नाहीत, म्हणून ते घरी माझ्याकडे येतं. ढीग पडलाय नुसता. ते ताणणारं कापड सुईखाली सरळ म्हणून राहत नाही, वळवळतं. दुपारपर्यंत खांदे भरून येतात. पूर्वी कोटाला काजं करत बसायचे तेव्हाही दमायचे, पण ते दमणं वेगळं होतं. काम संपल्यावर एकदा कोट झटकून बघावासा वाटायचा. आता पँट संपते आणि मी पुढची ओढते.

तू त्या कंपनीत लागलास, पँटीच्या कमरेचा पट्टा किती ताणला जावा हे ठरवायला, तेव्हा घरात जे झालं ते पुन्हा उगाळत नाही. बाबा म्हणाले होते, ज्याला माप लागत नाही तो कपडा नव्हे, पिशवी. तू म्हणाला होतास, बाबा, लोकांना श्वास तरी घेऊ द्या. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतात आणि दोघांनी त्यानंतर तोंडं शिवून घेतली. मध्ये मी, जात्यातल्या दाण्यासारखी. मग तू तुमच्या कंपनीची ती राखाडी पँट पाठवलीस. त्यांनी ती उघडूनही पाहिली नाही. कपाटात खाली, जुन्या अस्तरांच्या गठ्ठ्याखाली सरकवून दिली.

आणि या थंडीत एका सकाळी ते ती घालून बाहेर आले. मी चहा गाळत होते, गाळणं हातातच राहिलं. चहा प्यायले आणि त्याच पँटीत दुकानात गेले. सगळी गल्ली जमली. इस्त्रीवाल्याने तर दुकानाच्या पायरीवर उभं राहून घोषणा केली की शेवटचा गडही पडला, मास्तरांनी कमरेला इलास्टिक लावलं. बँकेतल्या साहेबांनी येऊन हात मिळवला. बाबा हसले, म्हणाले, थंडीत बरं पडतं. मीही हसले. तुला फोन केला तेव्हा तू लहानपणी रीळ सापडल्यावर ओरडायचास तसा ओरडलास. पोराच्या मायेपुढे बापाचा हट्ट विरघळला असं तू धरलंस, मीही धरलं. त्याच आनंदात तू त्यांना फोन करून म्हणालास, लग्नाला तुमच्याच हातचा कोट घालून उभा राहीन. ते म्हणाले, “कापड पाठव.”

कापड आलं. काय सुरेख कापड पाठवलंस रे. हातात घेतलं तर पाण्यासारखं वाहत होतं. तुला माहीत आहे, तुझे बाबा कोटाचं कापड पाणी दाखवल्याशिवाय बेतत नाहीत. भिजवायचं, सावलीत वाळवायचं, आकसायचं ते आधीच आकसून घ्यायचं, मगच कात्री. तसं त्यांनी भिजवलं. वाळलं, इस्त्री झाली, टेबलावर पसरलं. मग बोटांनी चाचपून म्हणाले, अजून एकदा पाणी दाखवतो, नवं कापड आहे, दगा देईल. पुन्हा वाळलं. पुन्हा पाण्यात. गॅलरीतल्या दोरीवर ते इतक्यांदा चढलं की इस्त्रीवाला खालून विचारायला लागला, मास्तर, कोट शिवताय की धुताय? तू फोनवर विचारलंस की कोट कुठवर आला, तेव्हा ते खरंच बोलले, कापड पाण्यात आहे म्हणून.

आता जे सांगते ते शांतपणे वाच. धुवायला टाकलेले त्यांचे शर्ट मी उलटे करते तेव्हा हल्ली बटणं लावलेलीच सापडतात. वरचं एक तेवढं उघडं. आयुष्यभर शर्ट काढताना खालपासून एकेक बटण सोडणारा माणूस आता तो डोक्यावरून ओढून काढतो आणि तसाच डोक्यावरून घालतो. पहिल्यांदा वाटलं कंटाळा करतात. मग एकदा आरशापुढे पाठमोरे उभे असलेले दिसले, जुन्या पँटचा हूक लावत होते. हूक जागच्या जागी होता, कडी जागच्या जागी होती, बोटं मात्र दोन्हींच्या मध्ये थरथरत होती. मी पाऊल न वाजवता मागे फिरले. त्याच्या थोडंच आधी ती राखाडी पँट बाहेर आली होती, बाळा. थंडीमुळे नाही, आणि नुसतं तुझ्यासाठीही नाही. सगळं जग नाडी आणि इलास्टिक घालून फिरतंय, त्या गर्दीत आपलंही खपून जाईल, कुणी का म्हणून विचारणार नाही, हे त्यांनी हेरलं. आणि खरंच कुणी विचारलं नाही. उलट हात मिळवले.

मी काय केलं असेन, सांग. त्यांच्या शर्टांची काजं माझ्याच हातची, इतकी घट्ट की बटण बसलं की आवाज यायचा. ती मी एकेक करून पात्याने जरा जरा मोठी केली आणि कडेने पुन्हा टाके घातले. ते म्हणाले, “तुझी काजं हल्ली ढिली पडायला लागलीत.” मी म्हटलं, “डोळे गेले माझे.” बरं म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी शर्ट धुवायला आला तो बटणं सोडलेला होता. खोकल्याचं निमित्त करून दवाखान्यातही नेऊन आणलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, गोळीने थरथर जरा आवरेल, जाणार नाही, हळूहळू वाढेल. ती गोळी ते पित्ताची म्हणून घेतात, मी पित्ताची म्हणून देते. असा आमचा संसार चालला आहे.

परवा सकाळी त्यांनी कापड शेवटी बेतायला घेतलं. दुकानाची फळी अर्धी लावलेली, मी डबा घेऊन गेले होते. बगलेची गोलाई ते एका दमात काढायचे, तू लहानपणी ते बघायला स्टुलावर चढायचास. तिथे खडूच्या रेघेवर रेघ होती. पुसलेली, पुन्हा काढलेली, पुन्हा पुसलेली. ब्रश मारून मारून कापड पांढरं पडलं होतं. मला बघून त्यांनी त्याची घडी केली आणि म्हणाले, “अजून एकदा पाणी दाखवायला हवं.” मी बादली भरून दिली. कापडाची चकाकी गेली आहे रे. आणखी थोड्या वेळा भिजलं तर त्याचा कोट कुणालाच शिवता येणार नाही, आणि तीच वाट बघतायत की काय, असं मला वाटतं. मी शिवते म्हणणं सोपं आहे. पण त्यांनी शब्द दिलाय तो तुला, तोही इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर, आणि तो परत घ्यायला त्यांची जीभ वळणार नाही.

म्हणून हे लिहिलं. तू ये, पत्राची आठवणही काढू नकोस, आणि त्यांच्याशी भांड. म्हणावं, बाबा, आमचं ठरलंय, हल्ली कोट कोण घालतं, आम्ही दोघं नवरा-नवरी सैल कपड्यांतच कचेरीत लग्नाच्या सह्या करणार. ते चिडतील. पिशव्या घालून लग्न करा म्हणतील, गल्लीभर सांगत सुटतील की मी कापड पाणी दाखवून तयार ठेवलं होतं, पोरानेच नको म्हटलं. सांगू दे. कोट झाला नाही हे तुझ्या नावावर जाऊ दे. कसंबसं जुळलेलं पुन्हा उसवायला सांगते आहे, मला कळतं. तुला लागेल, मलाही लागतंय. पण राग त्यांना पेलतो, कीव पेलायची नाही. आणि हो, येताना त्या पँटी आणखी दोन आण. एकच असल्यामुळे ती धुतली की वाळेपर्यंत ते दुकानात जात नाहीत, गुडघा दुखतो म्हणतात. रंग अगदी तोच राखाडी बघ. मी त्या गुपचूप घडीत ठेवीन, आणि आपण अजून ती एकच पँट घालतो असं त्यांना म्हणता येईल.

तुझीच,
आई