गुलाबी हिरड्यांची पलटण

तीर्थरूप दादा (मला अजून धाकटा भाऊ मानत असशील तर, नसशील तर नुसताच दादा),

साष्टांग नमस्कार. तो कागदावरच घालतोय, प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील. तुझा डावा गुडघा कसा आहे? वहिनी अजून तेल चोळते की तिनेही हात टेकले? इकडे आम्ही ठीक. म्हणजे मी ठीक आहे असं मी म्हणतो, ही म्हणत नाही. ताईच्या मुलीच्या लग्नात मी माइक धरून मामाच्या व्हरांड्यातल्या आपल्या मातीच्या शिपायांच्या लढाईची गोष्ट सांगितली, तुझी हिरवी पलटण मी कशी धुळीला मिळवली ते रंगवलं, सगळा हॉल हसला आणि तू न जेवता निघून गेलास. त्याला दोन वर्षं झाली. फोन केला की वहिनी सांगते, ते अंघोळीला गेलेत. (दुपारी चारलाही?) एवढं काय रे मनाला लावून घ्यायचं! असो. पत्र अंघोळ होईपर्यंत थांबतं, म्हणून पत्र.

तर बातमी अशी, की त्या दोन्ही पलटणी मी पुन्हा उभ्या केल्यात. तुझी हिरवी, मामाच्या सायकलच्या उरलेल्या रंगात बुडवलेली. माझी लाल, ताईच्या नखांच्या रंगाची बाटली ढापून रंगवलेली. एका खेपेला एकच फरशी पुढे जायचं, गोटी लागून पडला तो मेला, भिंतीला टेकला तो जखमी. (भिंतीला टेकणारे नेमके तुझेच का असायचे, हे मी तेव्हाही विचारलं होतं.) पुढे गच्चीवरची टाकी भरून वाहिली, दोन्ही बाजूंच्या मातीच्या शिपायांचा मिळून एकच चिखल झाला आणि मामाने तो फावड्याने उचलून कुंडीत घातला, ते तुला आठवत असेलच.

मी जन्मभर लोकांच्या कवळ्या केल्या. साचे, प्लास्टर, बारीक कुंचले, सगळं हाताशी. म्हटलं, शिपाई म्हणजे काय, अक्कलदाढेएवढं काम! कवळीचाच मसाला वापरला. पहिली तुकडी साच्यातून निघाली ती हिरड्यांसारखी गुलाबी आणि चकचकीत. वाळायला ठेवली तयार कवळ्यांच्या फळीवर, आणि इथेच माती खाल्ली. ज्याच्याकडून मला सगळं काम येतं त्या दातांच्या डॉक्टरने एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना आ करायला लावून मी पाठवलेल्या खोक्यात हात घातला, तर हाती आला गुडघ्यावर बसलेला तोफवाला. बाईंनी त्याला दहा मिनिटं झापलं. दात नसल्यामुळे शब्द एकही कळला नाही, पण अर्थ सगळा पोचला, असं तो म्हणतो. त्यांची कवळी इकडे माझ्या टेबलावर टेकडी म्हणून मांडलेली होती.

मग रंगकामासाठी सल्ला घ्यायला जुनी खेळणी जमवणाऱ्यांच्या मंडळात गेलो. तिथे सगळी साठीची पोरं. अध्यक्षांना मी बटणशास्त्री म्हणतो (मनात). त्यांनी भिंग लावून तुझा शिपाई उलटासुलटा केला आणि जाहीर केलं, की असला हिरवा रंग कुठल्याही फौजेने कधी अंगाला लावलेला नाही. हे शतक कुठलं? मी म्हटलं, सहावीची सुट्टी. गृहस्थांना हसू नावाची गोष्ट माहीत नसावी. त्यांनी रंगांची यादी दिली आणि मी मूर्खासारखा त्या नादी लागलो. चाळीस शिपायांना बटणं, पट्टे, मिशा! दृष्ट लागावी असे झाले, पण एकही आपला वाटेना. आपल्या शिपायांना नाकं कुठे होती रे? मग बसलो कानस घेऊन. एकेकाचं नाक घासलं, तलवारी मोडल्या, पुन्हा सायकलच्या हिरव्यात बुडवलं, तुझ्या सेनापतीची मुंडी उपटून मागे तोंड करून चिकटवली. (तू ती चुकून तशी लावली होतीस आणि तो शत्रूकडे बघणं कमीपणाचं समजतो, असं मला ऐकवलं होतंस.) ही चहा घेऊन आली तेव्हा चार दिवस खपून काढलेल्या मिशा मी घासून उडवत होतो. तिने चहा ठेवला आणि मुलीला फोन लावला.

आता पलटणी तयार, पण खेळायला कोणी नाही. हिला बसवलं, तर तिने पहिल्याच गोटीत माझे सतरा लोळवले आणि गॅसवरचं दूध बघायला उठली. परत आलीच नाही.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार लिहायचा असतो, पण तुझ्यापेक्षा मोठं आता कोणी उरलेलं नाही. तेव्हा सगळे नमस्कार तुलाच.

तुझा,
लाल पलटणवाला

ता.क. – तुझे शिपाई एकशे बारा भरले. रविवारी येतोस का? जेवायलाच ये.

पुन्हा ता.क. – पत्र हिने वाचलं. म्हणाली, सगळं लिहिलंत, लिहायचं तेवढं ठेवलंत. तर लिहितो. ती लढाई तू जिंकत होतास, दादा. तू पाणी प्यायला आत गेलास तेव्हा मी तुझी अख्खी डावी बाजू हाताने आडवी केली आणि वारा आला म्हणून सांगितलं. पान हलत नव्हतं. तुला तेव्हाच कळलं होतं. मामा मला मारेल म्हणून तू बोलला नाहीस. पन्नास वर्षं तू गप्प राहिलास, आणि मी माइक धरून तुलाच हसलो. चुकलं माझं. लग्नातल्या सगळ्यांना रविवारी बोलावतो आणि त्यांच्यासमोर हेच सांगतो, पण तू ये. आणि पाणी प्यायला आत जावंसं वाटलं, तर मीही तुझ्याबरोबर आत येईन.